पिरोगीसकट अकरा

"'आपण लपाछपी खेळत होतो, हो ना? आणि तू जिंकलीस!'" डेल्फीनने वहीतून वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "सहा दिवस झाले, ओरीसिया. लिगाया रोज तोच खेळ खेळते आणि शेवटी रोज हेच वाक्य. आवाज कोणाचा काढते सांगू? तुझा! 'हो ना' म्हणताना तू शेवट कसा ओढतेस, अगदी तस्साच. मी तर हसून हसून मेले." मी तेव्हा रेडिएटरवर मुलांचे ओले हातमोजे मांडत होते. बावीस होते. चोवीस हवे होते. गेले आठ दिवस मी सगळंच मोजते आहे, जिन्याच्या पायऱ्या, सुपाचे चमचे, पोर्टेज अव्हेन्यूवरून जाणाऱ्या बसेस. "बरी नकलाकार आहे," असं काहीतरी मी बोलले, आणि हातातला लाल हातमोजा उलटा करून पुन्हा सुलटा केला. डेल्फीन पुढे बोलतच होती, की शुक्रवारच्या पालकसभेला भिंतीवर हीच नोंद लावायची, फोटोंसकट, मोठ्या अक्षरांत. ती म्हणाली, "बाहेरची ती बर्फाची बाहुली पडली ना, त्याचं दुःख पोरगी खेळून काढतेय. तूच शिकवलंस मला हे. मोठ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, बघायचं आणि लिहायचं." मीच शिकवलं होतं, खरं आहे. एकतीस वर्षांत या बालकेंद्रातून किती बायका माझ्या हाताखालून गेल्या, प्रत्येकीला मी हेच शिकवलं. अक्षरं गिरवायचे कागद मी हद्दपार केले, शाबासकीच्या चांदण्या चिकटवायचे तक्ते मी फाडले. 'नुसती खेळतात का दिवसभर?' असं विचारणाऱ्या बापांना याच कोपऱ्यातल्या एवढ्याशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसवलं आणि म्हटलं, अर्धा तास बघा, मग बोला. माझा देवावर जेवढा आहे त्याहून जास्त विश्वास मुलांच्या खेळावर आहे, हे मी चर्चमध्येसुद्धा सांगेन. आणि आता त्याच खेळाची मला भीती वाटत होती. लिगाया गालिच्यावर लाकडी माणसं मांडायला लागली, की मी कपबश्या विसळायला निघून जायचे. सहा दिवस मी त्या कोपऱ्याकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं.

गेल्या आठवड्यातल्या त्या मंगळवारी उणे एकोणीस होतं. विनिपेगच्या जानेवारीत उणे एकोणीस म्हणजे बरा दिवस. वारा धरून पंचविसाच्या खाली गेलं की आम्ही मुलांना बाहेर काढत नाही, तोवर काढतोच. बाहेर काढणं म्हणजे तरी काय, अर्धा तास नुसता कपड्यांचा. आधी फुगीर विजार, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी, हातमोजे सगळ्यांत शेवटी, कारण ते आधी घातले तर बाकीचं काही पोरांना स्वतःला घालता येत नाही. सगळी नटून होतात, तेवढ्यात एकाला शू लागते. आत आल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने. वर्षातले पाच महिने असे जातात आणि मला ते आवडतात, कपडे चढवणं हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे असं मी पालकांना ऐकवत असते. अंगणात कुंपणापाशी मुलांनी बर्फाची एक मुलगी केली होती. मोठ्या माणसाएवढी नाही, त्यांच्याएवढीच. हरवलेल्या कपड्यांच्या पेटीत गेल्या वर्षापासून एक जांभळं जॅकेट बेवारस पडलं होतं, ते तिला घातलं, टोपी घातली, मफलर बांधला. ती इतकी गुबगुबीत झाली, की मी म्हटलं ही तर माझ्या आईच्या हातची पिरोगी, मैद्याच्या पारीत बटाटा जास्त भरलेली, आणि तेच नाव पडलं. मग पिरोगीला वर्गात धरायचं ठरलं. आत जाताना मी दारापाशी मुलं मोजायची, बारा झाली की सगळी ओरडायची, "आणि पिरोगी!" मी म्हणायची, "आणि पिरोगी, तेरा! पिरोगी, तू बाहेरच थांब हं, तू वितळशील." यावर मुलं रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. मीही हसायची. मुलांच्या खेळात आपण शिरलो की ती आपल्याला किती आत घेतात, याचं मला कौतुक वाटायचं.

मंगळवारी एकाच्या नाकातून रक्त आलं, डेल्फीन त्याला घेऊन आत गेली. माझ्याकडे राहिली अकरा. अकरा, अकरा, असं मी मनात घोकत होते. वेळ झाल्यावर मी ओळ लावली आणि मोजायला लागले. कोणाचं तरी नाक पुसत होते, कोणाचा तरी बूट बर्फात रुतून निघाला होता, त्यात पाय कोंबत होते. दहा, असं म्हटलं, आणि सगळी ओरडली, "आणि पिरोगी!" आणि मी म्हटलं, "आणि पिरोगी, अकरा!" अकराच हवी होती. अकरा झाली. मी दार लावून घेतलं.

आत गोंधळ. वितळलेल्या बर्फाची डबकी, ओल्या लोकरीचा वास, अडकलेल्या चेनी, रडारड. आमच्याकडे प्रत्येक मुलाची खुंटी असते, वर नाव नाही, चित्र असतं. लिगायाचं चित्र कासवाचं. नऊ मिनिटांनी मी मान वर केली, तेव्हा कासवाची खुंटी रिकामी होती. नऊ हे मला नंतर कळलं, भिंतीवरच्या घड्याळाचा हिशोब करून. तेव्हा फक्त ती पितळेची खुंटी दिसली आणि कानात सगळे आवाज बंद झाले. मी जॅकेट न घालता धावले. अंगणात पिरोगी उभी होती, शांत. मुलांनी कुंपणाजवळच्या बर्फाच्या ढिगात एक बोगदा खणला होता, त्यात लिगाया बसलेली सापडली. रडत नव्हती. एक हातमोजा काढून मांडीवर ठेवलेला, बोटं लाल, पापण्यांवर दहिवर. तिने माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात राग नव्हता, ती नुसती माझ्या बोलण्याची वाट बघत होती. साडेचार वर्षांची पोर, तिला माझ्याकडून ऐकायचं होतं की हे काय झालं. आणि मी तिची बोटं माझ्या काखेत धरून म्हणाले, "आपण लपाछपी खेळत होतो, हो ना? कोणालाच सापडली नाहीस! तू जिंकलीस!" हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते तयारच होतं तोंडात, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते.

मूल नजरेआड झालं तर त्याच दिवशी केंद्राच्या प्रमुखांना सांगायचं, त्याच दिवशी आईबापांना सांगायचं, मग लेखी अहवाल वर पाठवायचा. नव्या बायकांना हा नियम मीच समजावून सांगते, बोट आपटून. संध्याकाळी लिगायाची आई आली, रोवेना. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, पहाटे पाचला निघते, तिच्या कोटाला नेहमी कांद्याचा आणि साबणाचा वास येतो. तिने नेहमीप्रमाणे बूट आपटून बर्फ झाडला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काय टीचर ओरीसिया, आज काय खेळलात?" मी सांगितलं, लपाछपी. लिगाया माझ्याकडे बघत होती. बोटांना काही झालं नव्हतं, गुलाबी दिसत होती, मी दहा वेळा तपासली होती. काही झालंच नाही तर कशाला पोरीच्या आईच्या जिवाला घोर, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आत मी अंगणात गेले आणि पिरोगीला लाथ घातली. एका लाथेत पडली नाही, चार लागल्या. जांभळं जॅकेट पेटीच्या तळाशी कोंबलं. मुलांना सांगितलं, रात्री वारा फार होता.

मला वडिलांची आठवण येते आहे सारखी. मी सहा वर्षांची होते, डॉफिनच्या गोठलेल्या तळ्यावर आम्ही ट्रक घेऊन मासे धरायला गेलो होतो. मार्च असावा, बर्फ विरायला लागलेला, तातोला, म्हणजे माझ्या वडिलांना, कोणीतरी जाऊ नका म्हटलं होतं आणि ते कोणाचं ऐकणारे नव्हते. मध्यावर मागचं चाक खाली बसलं. मोठा आवाज झाला नाही, लाकडी खुर्ची कुरकुरावी तेवढाच. तातोने दार उघडलं, मला बाहेर घेतलं आणि अगदी मजेत म्हणाले, "ओरीसियो, आता आपण सील मासे. पोटावर सरकायचं. जो उभा राहील तो बाद." आम्ही काठापर्यंत सरकत गेलो. मी मध्ये मध्ये सीलसारखी ओरडत होते, तेही ओरडत होते. पेट्रोलचा आणि माशांचा वास नाकात, हनुवटीला बर्फ घासून रक्त आलेलं, आणि मी जिंकले, त्यांच्या आधी काठाला पोचले. इतका सुंदर खेळ मी पुन्हा कधी खेळले नाही. शिक्षणशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी विचारलं होतं, तुम्ही या कामात का आलात, तेव्हा मी हाच खेळ सांगितला होता. तातो गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती आणि काका म्हणाला, "त्या दिवशी ट्रक बुडाला ना, त्यानंतर तुझा बाप कधी तळ्यावर गेला नाही." मला ट्रक बुडाल्याचंच माहीत नव्हतं. मी ताटली हातात धरून तशीच बसले, आणि मला रडू आलं ते भीतीने नाही, प्रेमाने आलं. गेले आठ दिवस मी स्वतःची समजूत घालते आहे, की मीही तेच केलं, पोरीला भीती वाटू नये म्हणून खेळ म्हटलं. पण ते खोटं आहे. तातो माझ्यासाठी खोटं बोलले होते आणि माझ्या पुढे नाही, माझ्या बरोबरीने सरकत होते, त्याच बर्फावरून. मी माझ्यासाठी खोटं बोलले. आणि संध्याकाळी तिच्या आईशीही, उबेत उभं राहून.

आणि काल रोवेना म्हणाली, "टीचर, घरी पण तोच खेळ हो! मला दाराबाहेर उभं करते, आत जाऊन मोजते, आणि दहा मिनिटांनी दार उघडून सांगते, तू जिंकलीस. जिन्यात कसली थंडी! शेजारीण हसते मला." ती स्वतःही हसत होती, दमलेली, टोपीखालून केस निघालेले. "मी म्हटलं, हा काय खेळ गं? तर म्हणते ओरीसियाने शिकवला." मी हसले. खरंच हसले, माझं तोंड आपोआप हसलं. रोवेनाने मला प्लास्टिकच्या डब्यात शेवया आणल्या होत्या, परतलेल्या, वर लिंबाची फोड. माझी पोरगी तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त काम करते, असं ती म्हणाली. मी डबा घरी नेला आणि उघडला नाही, अजून तसाच आहे.

आज गुरुवार. वाऱ्यासकट उणे चौतीस, बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. डेल्फीनने बादलीभर बर्फ आत आणून मोठ्या खोलगट टेबलात ओतला, मुलांनी त्यात फावडी, रंगाचं पाणी, प्लास्टिकची अस्वलं घातली. दिवसभर आत कोंडलेली पोरं दुपारनंतर अंगावर येतात. मला एका जागी बसवत नव्हतं. मी फडताळं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली, खिडकीच्या आतल्या बाजूने जमलेलं दहिवर नखाने खरवडलं. मधूनमधून भिंतीकडे बघत होते. तिथे डेल्फीनने उद्यासाठी जागा मोकळी करून ठेवली होती, चार टाचण्या लावून. तिला नुसतं म्हणायचा अवकाश होता, ही नोंद नको, दुसरी लावू. तिने कारण विचारलंसुद्धा नसतं. उद्या रोवेना इथे उभी राहून वाचेल, तिला कळणार नाही. कोणालाच कळणार नाही, सगळी हसतील, फोटो काढतील. हे मला जास्त भयंकर वाटत होतं की कळणं, ते मला ठरवता येईना. मुलं एकेक करून घरी जायला लागली. पावणेपाचला तिघं उरली, दोघं बर्फाच्या टेबलाशी, आणि लिगाया.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या हातात जांभळं जॅकेट होतं. पेटीत डोकं खुपसून तिने ते तळातून काढलं असणार. "ओरीसिया," ती म्हणाली, "तू पिरोगी हो."

"मला काम आहे गं," मी म्हटलं. "कपबश्या..."

"कपबश्या झाल्या. मी बघितलं."

डेल्फीनने वही उचललीच. "जा ना, बोलावतेय तर. बाई, मला कोणी इतक्या प्रेमाने बोलावलं असतं तर मी पळत गेले असते." तिने पेन्सिलीला टोक केलं आणि छोट्या खुर्चीवर बसली.

जॅकेट माझ्या खांद्यांवर जेमतेम बसलं, चार वर्षांच्या मुलाचं होतं ते. लिगायाने मला हाताला धरून दारापाशी, खुंट्यांच्या शेजारी उभं केलं. "इथे. हलायचं नाही. पिरोगी बोलत नाही." मी उभी राहिले. दाराच्या फटीतून गार वारा घोट्यांना लागत होता. तिने गालिच्यावर लाकडी माणसांची ओळ लावली. एक लाकडी मुलगी तिने वेगळी घेतली, बर्फाच्या टेबलाकडे नेली आणि बर्फात बोटाने भोक पाडून आत बसवली. मग हात कमरेवर ठेवून माझ्यासारखी उभी राहिली. खरंच माझ्यासारखी, एक गुडघा जरा वाकवून, तो माझा दुखरा गुडघा. मी तिला मोजताना ऐकलं. प्रत्येक डोक्याला बोट लावत होती. एकाचं नाक पुसलं. एकाला बूट घातला, नसलेला बूट, जोर लावून. "आठ. नऊ. दहा." मग आवाज बदलून, सगळ्या वर्गाचा आवाज काढून, "आणि पिरोगी!" मग पुन्हा माझा आवाज. माझ्याकडे बोट करून, हसत, "आणि पिरोगी, अकरा! चला, आत."

तिला माहीत होतं. मी चुकले कुठे, हे मला कळायला त्या दिवशीची संध्याकाळ व्हावी लागली होती आणि या पोरीला बोगद्यात बसल्या बसल्या कळलं होतं. तिने तिथून ऐकलं असणार. आपली जागा कोणाला गेली तेही ऐकलं, आणि दार लागल्याचं ऐकलं. सहा दिवस ती हेच सांगत होती, गालिच्यावर, घरी जिन्यात, ज्या एका भाषेत तिला मी बोलायला शिकवलं त्या भाषेत, आणि मी कपबश्या विसळत होते. माझे डोळे भरून आले. लिगाया आता बर्फाच्या टेबलाशी गेली, भोकातून लाकडी मुलगी काढली, काखेत धरली आणि ते वाक्य म्हणणार तेवढ्यात मी म्हटलं, "ती लपाछपी नव्हती."

"पिरोगी बोलत नाही," लिगाया म्हणाली.

"मी ओरीसिया म्हणून बोलतेय. लिगाया, तो खेळ नव्हता. मी तुला शोधत नव्हते. मी मोजायला चुकले, तुला बाहेर विसरले आणि दार लावलं. मग मी तुला खोटं सांगितलं."

डेल्फीनची पेन्सिल थांबल्याचं मला न बघता कळलं. लिगाया हातातल्या लाकडी मुलीकडे बघत होती. तिने अंगठ्याने तिच्यावरचा बर्फ पुसला. "म्हणजे मी जिंकले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटलंच. कोणी दहापर्यंत डोळे मिटून मोजलं नव्हतं." तिने लाकडी मुलीला पुन्हा काखेत धरलं. "मला शू लागली होती," ती म्हणाली. "आणि मला वाटलं, तुम्ही आता जेवाल."

मी मान हलवली. ती जवळ आली आणि माझ्या अंगावरच्या जॅकेटची बाही तिने धरली. "तू अजून बाहेर आहेस," ती म्हणाली. "ये आता आत. आधी बूट काढ, पाणी होतं." आणि मी वाकून, नसलेले बूट काढले, डावा, मग उजवा, आणि तिने ते कासवाच्या खुंटीखाली नीट जोडीने ठेवले.

"ओरीसिया," डेल्फीन हळूच म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "हे मी... हे लिहायचं नाही ना?"

"लिही," मी म्हटलं. "गेल्या मंगळवारची तारीख घाल. नऊ मिनिटं, उणे एकोणीस. त्याची एक प्रत प्रमुखांच्या टेबलावर ठेव, नाही, राहू दे, मीच नेते."

"ते तुला काढून टाकतील गं."

"टाकतील कदाचित," मी म्हटलं. मला भीती वाटत होतीच, पण माझं मोजणं थांबलं होतं. बाहेरचं दार उघडलं. व्हरांड्यात बूट आपटल्याचा आवाज आला, दोनदा डावा, दोनदा उजवा, रोवेना अशीच आपटते. ती आत आली, पापण्यांवर दहिवर, कांद्याचा आणि साबणाचा वास, आणि माझ्या खांद्यांवरचं एवढंसं जांभळं जॅकेट बघून हसायला लागली. "हे काय टीचर ओरीसिया! आज काय खेळलात?"

"रोवेना," मी म्हटलं, "गेल्या मंगळवारी मी लिगायाला बाहेर अंगणात विसरले. नऊ मिनिटं. आणि तुम्हाला सांगितलं नाही."

तिचं हसू एकदम गेलं नाही, ओठांवर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. तिने लेकीकडे बघितलं, मग खाली तिच्या बोटांकडे. लिगायाने आईचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने माझी जांभळी बाही सोडली नाही.

"आणि पिरोगीला मोजलं," ती म्हणाली.